शिफारसपत्र आम्ही का दिले नाही

गेल्या महिन्यातील गोष्ट. मंडळाची मासिक सभा आटोपून आम्ही तिघेचौघे कार्यालयात चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात केलगेरीतील एक ज्येष्ठ गृहस्थ आले. मंडळाचे जुने सभासद. वर्गणी कधी चुकवली नाही, गणेशोत्सवाची पहिली पावती दरवर्षी त्यांचीच. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, एका थपडेसाठी कोणी माणसाला देशाबाहेर घालवतं का हो?"

त्यांचा मुलगा हुबळीत इंजिनिअर झाला, बंगळूरला नोकरीला लागला आणि तेथून अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेला. पुढे ग्रीन कार्ड मिळाले, घर घेतले. काही वर्षांपूर्वी एका रात्री नवरा-बायकोत भांडण झाले, शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला, पोलिस बेड्या घालून घेऊन गेले. गुन्हा कबूल केला तर तुरुंगात बसावे लागणार नाही असे ठरले, म्हणून मुलाने तो कबूल केला. दंड भरला, बावन्न आठवड्यांच्या सुधारणावर्गात हजेरी लावली, तीन वर्षांची देखरेख संपली. प्रकरण मिटले असे घरच्यांनी धरले. आता मुलाने नागरिकत्वासाठी अर्ज केला, तर जुनी नोंद वर आली आणि 'तुम्हाला या देशातून का काढू नये' अशी नोटीस हातात पडली.

गृहस्थांनी पिशवीतून टाइप केलेले पत्र काढले. मंडळाच्या लेटरहेडवर ते द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलगा चांगल्या घराण्यातील आहे, चारित्र्यवान आहे, घडला तो प्रकार घरगुती गैरसमजातून घडला, तरी आमच्या खासदारांनी परराष्ट्र खात्याकडे शब्द टाकावा, असा मजकूर. आम्ही विचारले, "सूनबाई कुठं आहेत?" म्हणाले, "तिथंच. वेगळी राहते म्हणे." "कोणत्या व्हिसावर?" ठाऊक नव्हते. "तिचं म्हणणं काय आहे?" गृहस्थ खाली पाहू लागले. तिच्या माहेरच्यांशी बोलणे बंद आहे, एवढेच म्हणाले.

आमच्यातील एकाने पिशवीतले इंग्रजी कागद वाचले. त्यांत एक थप्पड नव्हती. मनगटाच्या एक्स-रेचा अहवाल होता, आणि सात वर्षांच्या नातीने पोलिसांना सांगितलेल्या चार ओळी होत्या. गृहस्थांना इंग्रजी वाचता येत नाही. मुलाने फोनवर सांगितले तेवढेच त्यांना माहीत होते.

ते पत्र आम्ही दिले नाही. यावरून समाजात थोडी कुजबुज झाली. "अडचणीत आलेल्या आपल्या माणसाच्या पाठीशी मंडळ उभे राहात नसेल तर मंडळ हवे कशाला?" असा प्रश्न एका जबाबदार सभासदानेच विचारला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जाहीरपणे द्यावे असे आम्हांस वाटते. त्या गृहस्थांना विचारून, ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून, हे लिहीत आहोत.

आधी कायदा काय आहे ते पाहू. बाहेर गेलेल्या आपल्या मुलांना आणि त्यांना पाठवणाऱ्या आपल्याला तो ठाऊक नाही, हे या प्रकरणात पहिल्यांदा दिसले.

अमेरिकेने १९९६ साली आपल्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात मोठी दुरुस्ती केली. घरगुती हिंसाचार, पाठलाग करून छळणे, मुलांना मारहाण किंवा त्यांची हेळसांड, यांपैकी गुन्हा सिद्ध झालेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येते. हे कलम नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला लागू आहे तसेच ग्रीन कार्ड असलेल्यालाही लागू आहे. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे आपल्याकडे फार थोड्यांना कळते. वीस वर्षे राहिलेला, कर भरणारा, घर असलेला माणूसही त्या कायद्याच्या लेखी परदेशीच असतो.

गुन्हा 'सिद्ध झाला' याचा अर्थही आपल्या समजुतीपेक्षा निराळा आहे. न्यायाधीशांसमोर गुन्हा कबूल केला आणि त्यावर काही ना काही शिक्षा वा बंधन घातले गेले, एवढे इमिग्रेशन खात्याला पुरते. एक दिवसही तुरुंगात जावे लागले नाही, वर्ग पूर्ण केल्यावर राज्याच्या न्यायालयाने खटला काढून टाकला, तरी बहुतेक वेळा ती कबुली कायम धरली जाते. मारहाणीच्या गुन्ह्याला एक वर्ष किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली, आणि ती स्थगित ठेवली असली तरीही, गुन्हा आणखी वरच्या वर्गात जातो आणि माफी मागण्याची बहुतेक दारे बंद होतात. शिक्षा त्याहून कमी असेल आणि माणूस पुरेशी वर्षे तेथे रीतसर राहिलेला असेल, तर इमिग्रेशन न्यायाधीश हद्दपारी रद्द करू शकतो. पण ते त्याच्या मर्जीवर आहे, हक्क म्हणून नाही.

आणखी एक कलम लक्षात ठेवण्याजोगे. पत्नीच्या संरक्षणासाठी न्यायालयाने आदेश दिला, आणि धमकी, वारंवार छळ किंवा इजा यांपासून तिला वाचवणारा त्यातला भाग पतीने मोडला असे न्यायालयाला आढळले, तर वेगळा गुन्हा सिद्ध न होताही हद्दपारी होऊ शकते. "समजूत काढायला गेलो होतो" हे तेथे चालत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात असे ठरवले, की परदेशी अशिलाला गुन्हा कबूल करण्याचा सल्ला देताना त्याने हद्दपारी ओढवू शकते हे सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे. आम्ही गृहस्थांना विचारले, तुमच्या मुलाच्या वकिलाने सांगितले होते का? ते म्हणाले, "सांगितलं असेल. पण त्याला त्या दिवशी कोठडीतून घरी यायचं होतं." हे वाक्य परदेशी असलेल्या प्रत्येक मुलाने ऐकावे. सही करण्याआधी इमिग्रेशनचा वेगळा वकील गाठावा. न केलेला गुन्हा केवळ सुटकेच्या घाईने कबूल करू नये. आणि केलेला असेल, तर त्याची किंमत किती आहे ते समजून घ्यावे.

इतर देशही याच वाटेने गेले आहेत. ब्रिटनमध्ये २००७ च्या कायद्यानुसार बारा महिने किंवा त्याहून अधिक कैद झालेल्या परदेशी माणसाची हद्दपारी हा नियमच आहे, त्याला ठरावीक अपवाद आहेत. तेथे २०१५ पासून हात न उगारता जोडीदाराला सतत धाकात ठेवणे, पैसे अडवणे, फोन तपासणे, माहेरी बोलू न देणे, हाही तुरुंगवासाचा गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१४ पासून बारा महिन्यांची शिक्षा भोगत असलेल्याचा व्हिसा आपोआप रद्द होईल असे केले, आणि २०२१ पासून व्हिसाचा निर्णय घेताना कौटुंबिक हिंसाचार हा मुख्य मुद्द्यांपैकी एक धरण्याचा आदेश अधिकाऱ्यांना दिला. कॅनडात सहा महिन्यांहून अधिक कैद झाली, किंवा ज्या गुन्ह्याला कमाल दहा वर्षे शिक्षा आहे असा गुन्हा सिद्ध झाला, तर कायम रहिवाशालाही देश सोडावा लागू शकतो. म्हणजे हे एका देशाचे किंवा एका सरकारचे खूळ नव्हे.

आता कायद्याची दुसरी बाजू, जी त्या पिशवीत नव्हती.

नवऱ्याला हद्दपार करण्याचा कायदा बायकोच्या रक्षणासाठी केला, असे म्हणतात. पण तो तिच्या तोंडाला कुलूपही लावतो. आपली मुलगी लग्न करून जाते ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. नोकरीच्या व्हिसावरील पतीबरोबर गेलेल्या स्त्रियांना अमेरिकेत नोकरीची परवानगी मिळू लागली ती २०१५ सालापासून, आणि तीही सर्वांना नाही. नवऱ्याचा व्हिसा गेला की तिचाही जातो. तेव्हा फोन उचलण्याआधी तिच्यापुढे हिशेब उभा राहतो. तक्रार केली तर याची नोकरी जाईल, आपल्यालाही परत जावे लागेल, मुलांची शाळा सुटेल, बँकेचे कर्ज राहील, आणि गावी तोंड दाखवताना सगळे म्हणणार की हिनेच नवऱ्याचा संसार उधळला. मारणाऱ्यालाही हा हिशेब पाठ असतो. "कर फोन. दोघंही जाऊ परत," एवढे म्हटले की पुरते.

त्यातून इकडचे आपण. सासरचे फोन करतात, माहेरचेही करतात. "सांभाळून घे बाई." "तक्रार मागे घे, त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होईल." तिकडच्या बऱ्याच राज्यांत खटला सरकार चालवते आणि बायकोने नको म्हटले म्हणून तो थांबतोच असे नाही, हे आपल्याला माहीत नसते. म्हणून तिने न केलेल्या गोष्टीचाही दोष तिच्या माथी येतो. वर सांगितलेल्या प्रकरणात फोन शेजाऱ्यांनी केला होता. तरी आमच्याकडे आलेले पहिले वाक्य होते, "सुनेनं पोलिस बोलावले." गृहस्थांनी नंतर स्वतःच ते दुरुस्त केले, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

त्या मुलीला तेथला कायदा काही दारे उघडी ठेवतो, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती तिला कोणी सांगत नाही. १९९४ च्या अमेरिकन कायद्याने नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ सोसणाऱ्या पत्नीला नवऱ्याच्या सहीवाचून, त्याला न कळवता, स्वतःच्या नावाने ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. तिने दिलेली माहिती नवऱ्याच्या हाती न लागू देण्याचे बंधन सरकारी खात्यावर आहे. घटस्फोट झाला तरी दोन वर्षांच्या आत तिला अर्ज करता येतो. आणि घरगुती हिंसाचाराच्या घटनेमुळे नवऱ्याचे ग्रीन कार्ड गेले, तरीही दोन वर्षांच्या आत तिचा हक्क राहतो. 'तो गेला की तूही जाणार' ही धमकी अशा घरात खोटी आहे. ती खोटी आहे हे तिच्या आईवडिलांना आज, इथे, केलगेरीत बसून ठाऊक असले पाहिजे.

नोकरीच्या व्हिसावरील माणसाच्या पत्नीची स्थिती अधिक अवघड आहे. तिला हा अर्ज करता येत नाही. गुन्ह्याला बळी पडून तपासाला मदत करणाऱ्यांसाठी २००० साली एक वेगळा व्हिसा निघाला, तो तिला मागता येतो. पण त्याची संख्या वर्षाला १०,००० इतकीच ठेवलेली असल्याने रांग वर्षानुवर्षांची आहे. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या आणि छळामुळे घर सोडलेल्या स्त्रीला स्वतंत्रपणे कायम राहण्याचा अर्ज करता येतो, आणि २०१२ पासून तो अर्ज करेपर्यंत सरकारी मदत घेण्याची सोयही आहे. कॅनडाने २०१२ साली नव्या जोडीदाराला दोन वर्षे एकत्र राहण्याची अट घातली होती. त्या अटीच्या धाकाने स्त्रिया मारहाण सोसत राहतात अशी ओरड झाली आणि २०१७ मध्ये ती अट काढून टाकावी लागली. कागद नवऱ्याच्या हाती दिला की काठीही त्याच्या हाती जाते, हे एका देशाने करून पाहिले आणि मान्य केले.

हा कायदा निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्या स्त्रीला इंग्रजी नीट येत नाही तिच्या घरी पोलिस येतात, तेव्हा सफाईने बोलणारा नवरा आपल्या हातावरचा ओरखडा दाखवतो आणि बेड्या तिच्या हातात पडतात, असेही घडते. मग हद्दपारीची तलवार मार खाणारीवरच येते. म्हणून २००० साली त्या कायद्यात सूट घातली गेली, की जो मुख्य मारणारा नव्हता, स्वतःच्या बचावासाठी ज्याने हात उचलला, त्याला माफी देता येईल. दुभाष्या मागण्याचा हक्क तिला कोणी सांगितला तर निम्मे संकट टळते. परक्या भाषेच्या कचेरीत उभे राहून आपली बाजू मांडणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला दुसऱ्याने समजावून सांगायला नको.

एका कबुलीपायी वीस वर्षांचा संसार उपटला जावा का, हाही खरा प्रश्न आहे. तिकडचे लोकही त्यावर भांडत आहेत. कॅलिफोर्नियात २०१६ पासून सरकारी वकिलाने तडजोड करताना आरोपीवर होणाऱ्या इमिग्रेशनच्या परिणामांचा विचार करावा असा कायदा आहे. २०१७ मध्ये त्याच राज्यात सांता क्लारा परगण्यात एका भारतीय उद्योजकाच्या खटल्यात सौम्य कलमांवर तडजोड पुढे आली, तेव्हा त्याच्या पत्नीने न्यायालयात उभे राहून आपण वर्षानुवर्षे काय सोसले ते वाचून दाखवले आणि मोठा गहजब झाला. हद्दपारी टाळायची म्हणून गुन्ह्याचे नाव बदलायचे, तर जिने मार खाल्ला तिच्या मारालाही नाव उरत नाही. शिक्षा किती असावी यावर वाद होऊ शकतो. घडले ते घडलेच नाही असे म्हणणे, हा वेगळा प्रकार झाला. आमच्याकडून मागितलेल्या पत्रात नेमके तेच म्हटलेले होते.

काही मंडळी म्हणतील, "ते तिकडचे कायदे, तिकडची संस्कृती. आपल्याकडे भांड्याला भांडे लागतेच." त्यांना आम्ही नम्रपणे एका राजाची आठवण करून देतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. भारताच्या दंडसंहितेत पत्नीच्या छळाचे ४९८-अ हे कलम आले १९८३ साली, म्हणजे महाराजांनंतर चौसष्ट वर्षांनी. आज तोच गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे. त्याआधी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. जयंतीला ज्यांच्या फोटोला हार घालतो, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी घराच्या आतला जुलूम गुन्हा ठरवला. तेव्हा हा विचार सातासमुद्रापलीकडून आला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि हद्दपार झालेला माणूस जातो कुठे? तो येतो आपल्याकडे. विमानतळावरून थेट घरी. सहा महिन्यांत 'परदेशातून परत आलेला, एकुलता एक, घटस्फोटित, निर्दोष' अशी ओळख घेऊन तो आपल्याच वधू-वर मेळाव्यात उभा राहतो. पहिलीची बाजू विचारायला कोणी अमेरिकेला जात नाही. पहिली मुलगी कोणाची होती? आपलीच. दुसरी कोणाची असेल? तीही आपलीच. म्हणून मंडळाचे लेटरहेड ही साधी गोष्ट नव्हे. आज आम्ही 'चारित्र्यवान' असे लिहून दिले, तर तो कागद उद्या एखाद्या बापाला सोयरीक जुळवताना दाखवला जाईल.

सरकारने याबाबत काय केले? ११ फेब्रुवारी २०१९ रोजी अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. लग्नानंतर तीस दिवसांत नोंदणी करावी, न केल्यास पासपोर्ट जप्त करता यावा, बेपत्ता नवऱ्याला संकेतस्थळावर समन्स बजावता यावे, अशी त्यात तरतूद होती. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात या विषयावर सर्वंकष कायदा करावा अशी शिफारस केली. आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष न्यायमूर्ती ऋतुराज अवस्थी हे पूर्वी कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे आपल्या धारवाड खंडपीठाचेही. विधेयक आहे, अहवाल आहे. इच्छा हवी आहे. निवडणुकीत समाजाची मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा प्रश्न विचारला पाहिजे. समाजभवनाला निधी मागतो, रस्ता मागतो, आरक्षण मागतो. आपल्या मुलींसाठी एक कायदा मागायला जीभ का अडखळावी?

तोपर्यंत जे आहे ते वापरता येते. परदेशातून परत आलेल्या किंवा परत पाठवलेल्या स्त्रीला २००५ च्या कायद्याखाली ती सध्या जेथे राहते तेथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. माहेरी तात्पुरती आली असली तरी चालते. संरक्षण, पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन यांसाठी तिला धारवाडहून कॅलिफोर्नियाला जावे लागत नाही. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहातील तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे. गरजू स्त्रियांना परदेशातील वकिलाती कायद्याची आणि पैशाची मदत देतात. भारतात १८१ आणि ११२ हे क्रमांक, अमेरिकेत १-८००-७९९-७२३३ हा चोवीस तासांचा क्रमांक आहे. आपल्याच देशातल्या स्त्रियांनी तेथे संस्था उभ्या केल्या आहेत: न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी, न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून सखी, कॅलिफोर्नियात १९९१ पासून मैत्री, लंडनमध्ये १९७९ पासून साउथॉल ब्लॅक सिस्टर्स. परदेशी निघालेल्या मुलीच्या बॅगेत लोणच्याची बरणी आणि मेतकुटाचा डबा जातोच. त्याबरोबर हे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, तिच्या पासपोर्ट-व्हिसाची आणि विवाहनोंदणीच्या दाखल्याची एक प्रत माहेरी, आणि तिच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते, एवढे तरी असावे.

या प्रकरणानंतर कार्यकारिणीने चर्चा करून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, न्यायालयात गुन्हा कबूल केलेल्या कोणासही मंडळाच्या लेटरहेडवर चारित्र्याचे पत्र मिळणार नाही. त्याला चांगला वकील शोधून देण्यास मदत जरूर केली जाईल, कारण कायद्याने बचाव करणे हा त्याचा हक्क आहे. दोन, मंडळाच्या वधू-वर सूचक नोंदवहीत परदेशस्थ किंवा परदेशातून परतलेल्या उमेदवाराची नोंद करताना त्याचा व्हिसा, पूर्वीचा विवाह आणि खटले यांची माहिती सहीनिशी घेतली जाईल. तीन, खासदारांना पत्र जाईल, पण एका मुलासाठी नाही. २०१९ चे विधेयक आणि विधी आयोगाचा अहवाल यांवर त्यांनी संसदेत प्रश्न विचारावा, एवढीच मागणी त्यात असेल. सभासदांनी येत्या सभेत येऊन या ठरावांवर बोलावे. विरोध असेल तर तोही समोर यावा, कट्ट्यावर नको.

आता त्या गृहस्थांविषयी. ते दुसऱ्यांदा आले. पहिल्या भेटीनंतर त्यांनी नात्यातल्या एका कॉलेजच्या मुलाकडून पिशवीतले सगळे कागद मराठीत वाचून घेतले होते. आमच्यावर राग धरला असेल असे वाटत होते. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. मुलासाठी इमिग्रेशनचा चांगला वकील कसा शोधायचा, ही पहिली. दुसरी विचारताना त्यांचा आवाज खाली गेला. सुनेने तो दोन वर्षांच्या मुदतीतला अर्ज केला आहे की नाही, हे तिला कळवायचे कसे? तिच्या माहेरच्यांचा फोन नंबर त्यांच्या जुन्या डायरीत होता. आम्ही म्हटले, लावा. मंडळाच्या कार्यालयातूनच लावा.

त्यांनी लावला. फोन उचलला गेला. पुढचे बोलणे खासगी आहे. पण मंडळ आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहात नाही, असे ज्या सभासदांनी म्हटले त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की आपली माणसे त्या घरात एकूण चार होती. मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि इकडे केलगेरीत वाट पाहणारा म्हातारा बाप. मागितलेले पत्र त्यांतल्या एकाच्याच पाठीशी उभे राहणारे होते, आणि तेही खोटे बोलून. यापुढे असा प्रसंग आपल्यापैकी कोणाच्याही घरी आला, तर मंडळाचे दार उघडे आहे. येताना मात्र सुनेचे म्हणणे काय आहे, हे विचारून यावे.